संकट म्हणजे देवाची शिस्त? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मुलाची नोकरी गेली. प्रार्थनेला आलेले म्हणतात, "घरात काहीतरी पाप लपलंय, देव शिस्त लावतोय." खरं असेल का?

उत्तर : त्यांच्या डोक्यात बायबलमधल्या इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रातली 12:5-11 ही वचनं असणार; देव पित्यासारखी आपल्या लेकरांना शिस्त लावतो, असं ती सांगतात. ती वचनं वाचण्याआधी थोडं मागे जाऊन 10:32-34 वाचा. ज्यांना हे पत्र लिहिलं, त्यांची चारचौघांत बेअब्रू झाली होती, मालमत्ता लुटली गेली होती, आणि तीही विश्वासापायी. या छळातही पिता तुम्हाला लेकरांसारखं वागवतोय, असा धीर लेखक त्यांना देतो. कुणाचं पाप हुडकत बसत नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले 18 जण इतरांहून जास्त पापी नव्हते, हे तर येशूनेच सांगितलं (लूक 13:4-5). सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या तिघा मित्रांनीही त्याच्या पापाचंच निदान केलं होतं. शेवटी देवाचा राग भडकला तो त्यांच्यावर (ईयोब 42:7). सुरुवातीचे सात दिवस ते गप्प बसले होते, तेच बरं होतं!

प्रश्न : मग स्वतःपुरतं कसं ओळखायचं?

उत्तर : स्तोत्र 139 ची शेवटची दोन वचनं ('देवा, माझं मन तपासून पाहा') घेऊन प्रार्थना करा. खोटा हिशेब, भावाशी धरलेला अबोला असं नेमकं काही समोर आलं, तर कबूल करा, नुकसान भरून द्या आणि विषय संपवा. काही आलं नाही तर उकरत बसू नका. 'मी वाईटच' असं मोघम ओझं म्हणजे शिस्त नव्हे. ख्रिस्तात असलेल्याला दंडाज्ञा नाही (रोम 8:1). शिस्तीच्या फळाचीही घाई नको, ते मागाहून येतं असं इब्री 12:11 सांगतं.

प्रश्न : देवाकडे तक्रार केली तर अविश्वास ठरेल?

उत्तर : नाही. स्तोत्र 13 च्या पहिल्या दोन वचनांतच 'किती काळ?' हा सवाल चारदा येतो.

प्रश्न : नवरा मारतो. चर्चच्या मंडळीतले वडीलधारे म्हणतात, "सोस, देव तुला घडवतोय."

उत्तर : ताई, हे साफ चूक आहे. इब्री 12 मध्ये शिस्त लावणारा देव आहे, नवरा नाही. प्रेषित पौलानेही फटके बसण्याआधी आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं होतं (प्रेषितांची कृत्ये 22:25). आधी सुरक्षित जागी जा. तातडीला 112, महिला हेल्पलाइन 181. मार लागला असेल तर सरकारी रुग्णालयात तपासून घ्या आणि कागद जपून ठेवा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत संरक्षणाचा आदेश आणि घरात राहण्याचा हक्क मागता येतो. क्षमा केली म्हणजे परत नांदायला गेलंच पाहिजे असं नाही. आणि समेटाच्या बैठकीला एकटीने बसू नका.