मुलीच्या बारशाचा व्हिडिओ टाकला आणि कॉपीराइट क्लेमचा मेल आला, आता पोलीस केस होईल का?

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या बारशाचा सहा मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर एडिट केला, मागे जुन्या मराठी सिनेमातलं गाणं लावलं, यूट्यूबवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी क्लेमचा मेल आला. खाली गायिकेचं, संगीतकाराचं नाव दिलंय, पैसे कमवायचे नाहीत, तरी असं का, आणि केस होईल का, हा तुमचा प्रश्न.

आधी एक मोठा श्वास घ्या. क्लेम आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मेल बघून घाबरलेला माणूस बहुतेक वेळा इथेच गोंधळतो. क्लेम असा येतो, यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची सिस्टीम आहे, २००७ पासून चालू आहे, तिच्याकडे कंपन्यांनी दिलेली गाणी असतात आणि तुम्ही अपलोड केलेला आवाज ती त्यांच्याशी मशीननेच जुळवून बघते. जुळलं की मालक काय करायचं ते ठरवतो, म्हणजे व्हिडिओवर जाहिरात लावून पैसे स्वतः घेतो, नाहीतर नुसतं लक्ष ठेवतो, नाहीतर काही देशांत किंवा सगळीकडेच ब्लॉक करतो. तुमच्या चॅनलला सहसा काही होत नाही. स्ट्राइक मात्र मालकाने कायदेशीर नोटीस देऊन व्हिडिओ काढायला लावला की येतो, आणि ९० दिवसांत असे तीन आले तर चॅनल जाऊ शकतं. तुम्हाला आलाय तो क्लेम. एका क्लेमवरून पोलीस दारात येत नाहीत.

पण म्हणून आपलं बरोबर होतं असंही नाही. मालकाची परवानगी लागते, नाव दिल्याने ती मिळत नाही. आणि एका गाण्याला मालक एक नसतो, शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि रेकॉर्डिंग कंपनीचं, हे तीन वेगळे हक्क आहेत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द आणि चालीचा हक्क कवी-संगीतकार गेल्यावर ६० वर्षं टिकतो, रेकॉर्डिंगचा प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत त्यांच्या वारसांचे नाहीतर ज्यांना हक्क दिलेत त्यांचे. बालकवी १९१८ ला गेले, त्यांची कविता कुणीही वाचावी, गावी, पण त्या कवितेला नंतर कुणी चाल लावली असेल तर ती चाल आणि ते रेकॉर्डिंग वेगळं मोजायचं. तुकोबांच्या अभंगाचंही तसंच, शब्द सगळ्यांचे, कॅसेटवरचा आवाज नाही.

'३० सेकंदांपर्यंत चालतं' हे मीही वर्षानुवर्षं ऐकत आलोय, असा नियम कुठेच नाही. अमेरिकेतली एक केस लोक नेहमी सांगतात, एका आईने २००७ साली आपलं बाळ प्रिन्स नावाच्या तिथल्या गायकाच्या गाण्यावर नाचतानाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला होता, तो काढायला लावला म्हणून ती कोर्टात गेली आणि २०१५ ला तिथल्या अपील कोर्टाने म्हटलं की नोटीस पाठवण्याआधी मालकाने फेअर यूजचा, म्हणजे परवानगीशिवाय चालणाऱ्या रास्त वापराचा, विचार करायलाच हवा. पण ते तिथलं. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापर, समीक्षा, बातमी अशा ठरावीक सवलती आहेत. लग्नात, वरातीत गाणं वाजवायलाही त्याच कलमात सूट आहे, पण ती त्या समारंभात वाजवण्याची, मागे गाणं लावून व्हिडिओ सगळ्या जगाला दाखवण्याची नाही. पेनड्राइव्हवर घालून घरच्या टीव्हीवर बघा, कोण विचारतंय.

मी हे एवढं पोटतिडकीने लिहितोय त्याला कारण आहे. आजीच्या पंचाहत्तरीला मी व्हिडिओ केला होता, ती लहानपणीच्या विहिरीची गोष्ट सांगतेय आणि मी मूर्खासारखं तिच्या आवाजावरच गाणं चढवलं, एक्स्पोर्ट केलं आणि मोबाईलमध्ये जागा नाही म्हणून मूळ क्लिपा डिलीट केल्या. नंतर क्लेम आला, दुबईच्या काकांकडे व्हिडिओ उघडेना, गाणं काढायला गेलो तर गाण्याबरोबर आजीही गप्प झाली. दोन्ही आवाज एकाच ट्रॅकमध्ये मिसळलेले, वेगळे करता येईनात. आजी आता नाही. ती विहिरीची गोष्ट आता माझ्याकडे फक्त गाण्याखाली दबलेली आहे, नीट ऐकू येत नाही. म्हणून सांगतो, मूळ क्लिपा आधी दुसरीकडे कॉपी करा, मग बाकीचं.

आता तुमचं. यूट्यूब स्टुडिओमध्ये, म्हणजे चॅनल सांभाळायच्या ॲपमध्ये, त्या क्लेमवर क्लिक केलं की गाण्याचा भाग कापणं, गाणं म्यूट करणं किंवा दुसरं गाणं लावणं असे पर्याय येतात. डिस्प्यूट, म्हणजे क्लेमला हरकत, करू नका, ते खरंच परवानगी किंवा हक्क असेल तेव्हासाठी आहे, उगाच केलं तर समोरचा नोटीस देऊन स्ट्राइकपर्यंत नेऊ शकतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत आहे, काहींना खाली क्रेडिट द्यावं लागतं तेवढं बघा. इन्स्टाग्रामच्या गाण्यांची परवानगी इन्स्टाग्रामपुरती असते, तिथली रील उतरवून इकडे टाकली तर क्लेम येऊ शकतो. आणि पुढच्या वेळी अपलोड करताना 'चेक्स'च्या पायरीवर थांबा, क्लेम येणार असेल तर पब्लिश व्हायच्या आधीच ते सांगतं.

पण मला विचाराल तर लायब्ररीतलं ते गिटारही नको. बारशाला तुमच्याकडे कुणीतरी पाळणा म्हटलाच असेल ना, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बायकांनी बाळाला पाळण्याखालून वरून दिलं असेल, कानात 'कुर्र' करून पाठीत धपाटे बसले असतील. तोच आवाज ठेवा. तिथे स्पीकरवर गाणं चालू असेल आणि आवाज खराब आला असेल तर आत्याला किंवा आजीला पुन्हा एकदा पाळणा म्हणायला सांगा, मोबाईल हातभर अंतरावर, पंखा बंद, कुकर गॅसवरून उतरवलेला. पारंपरिक पाळणा कुणा कंपनीचा नाही. फक्त सिनेमातला पाळणा म्हणू नका, ती सिस्टीम चालसुद्धा ओळखते.