आधी बारा वाचक, मग प्रकाशक

प्रश्न : मी सांगलीत हळदीच्या पेठेत दिवाणजी आहे. माझी मुलगी सतरा वर्षांची, अकरावी सायन्सला. २०१९ च्या महापुरावर तिनं कादंबरी लिहिली आहे. एक दोनशे पानी वही भरली आणि दुसरीत बारा पानं झाली. आपल्याच वयाच्या मुलांसाठी लिहिलंय म्हणते. एका प्रकाशनाला फोन केला तर ते म्हणाले, ४८ हजार भरा, ३०० प्रती छापून देतो, आयएसबीएन, कॉपीराइट सगळं आम्ही बघतो. मुलगी म्हणते, सायन्स सोडते, आर्ट्सला जाते आणि लेखिका होते. पैसे भरू का? यात पोट भरेल का? सोबत दहा पानांची झेरॉक्स जोडली आहे.

उत्तर : दिवाणजी, सप्रेम नमस्कार.

मुळ वही न पाठवता झेरॉक्स पाठवलीत, हे फार चांगलं केलंत. पुढंही असंच करा. वही घराबाहेर जाऊ देऊ नका.

ती दहा पानं मी दोनदा वाचली. तिसऱ्या पानावर तिनं लिहिलंय, ‘आयर्विन पुलाजवळ पाण्याने सत्तावन्न फुटांची पातळी ओलांडली व नागरिक अत्यंत भयभीत झाले.’ हे खरं आहे. तिथं कृष्णेची धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट, आणि त्या ऑगस्टात पाणी सत्तावन्नच्याही वर गेलं. पण हे वाक्य पेपरातलं आहे. सातव्या पानावर मात्र आजी जिन्यात बसलीय. दर तासाला बॅटरी मारून ती बुडालेल्या पायऱ्या मोजते आणि भिंतीवर खडूनं रेघ ओढते. धाकटा भाऊ झोपेतनं उठून विचारतो, ‘आजे, कितवी गं?’ आजी म्हणते, ‘झोप की रे, अजून लई हायत्या वर.’ पोराला धीर देणारी ती आजी स्वतः डोळा मिटत नाही. हे पान वाचून मी झेरॉक्स खाली ठेवली आणि थोडा वेळ काही वाचलं नाही. पुराच्या वेळी ती फक्त दहा वर्षांची होती. तिनं ते पाहिलं, लक्षात ठेवलं आणि सात वर्षांनी कागदावर उतरवलं. तुमच्या लेकीला लिहिता येतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

म्हणूनच सांगतो, ४८ हजार भरू नका.

हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला जाणता. ४८ हजार भागिले ३०० म्हणजे प्रतीमागं १६० रुपये, आणि हे गिऱ्हाईक तुम्हीच. त्या प्रकाशनाचा नफा तुमच्याकडूनच वसूल झाल्यावर त्यानं पुस्तक दुकानात पोचवण्यासाठी धडपडायचं कारणच उरत नाही. ज्या गोष्टींचे ते पैसे सांगताहेत त्या बघा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, केंद्र सरकारची राजा राममोहन राय यांच्या नावाची संस्था मोफत देते, लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. कॉपीराइट तर लिहिलं त्या क्षणी लेखकाचाच असतो. नोंदणी ऐच्छिक आहे आणि वाङ्मयीन कृतीसाठी तिची सरकारी फी ५०० रुपये आहे.

हे मी भोगून सांगतोय. नोकरीच्या पहिल्या वर्षी पगारातले पैसे साठवून मी असाच एक कवितासंग्रह छापून घेतला. कागदावर करार नव्हता. प्रती किती छापल्या ते आजतागायत कळलं नाही, आणि माझ्या वाट्याच्या प्रतींचे गठ्ठे कित्येक वर्षं माळ्यावर पडून राहिले. पैशाचं दुःख पुढं विरलं. पण त्या कविता कुणी वाचून, खोडून, ‘ही ओळ खोटी आहे’ असं मला कधी सांगितलं नाही. छापून मोकळा झालो आणि शिकायचं राहून गेलं. पुन्हा कविता लिहिली नाही.

आणखी एक नुकसान आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचं पहिलंच पुस्तक यायचंय अशांच्या हस्तलिखितांसाठी ती आहे. घाईनं पैसे भरून पुस्तक काढलंत की तिचं ‘पहिलं पुस्तक’ संपलं. मंडळाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा आणि नियम नीट वाचून अर्ज करा.

आता पुस्तकाकडं येऊ. शेतातनं निघालेली ओली हळद कुणी सौद्याला आणत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं. ती शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. लेकीची वही आत्ता ओली आहे. तिच्या पानावर मला सरासरी १८० शब्द दिसले, म्हणजे २१२ पानांचे साधारण ३८ हजार. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात छापलं तर १४० पानांच्या आसपास, म्हणजे सोळा पानी नऊ फॉर्मे. किशोरवयीन वाचकासाठी हा आकार अगदी बरोबर आहे. वाढवायची गरज नाही, उलट दोन-चार हजार शब्द गळले तर बरंच.

पहिलं काम टायपिंगचं. बाहेर देऊ नका, तिनंच करावं, आणि युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मोबाईल-कॉम्प्युटरवर नीट उघडेल अशा टायपिंगमध्ये करावं. जुन्या फॉन्टातला मजकूर पुढं बदलताना जोडाक्षरं फुटतात. मोबाईलवर बोलून टाईप होतं, तसं केलं तरी चालेल. त्यात एक फायदा आहे. स्वतःचं वाक्य मोठ्यानं म्हणावं लागलं की ‘अत्यंत भयभीत’ म्हणताना जीभ अडखळते आणि ‘लई हायत्या वर’ सहज निघतं. तिची खरी भाषा कुठली, ते तिलाच ऐकू येईल.

मग बारा वाचक शोधायचे. आठवी ते अकरावीतली मुलं-मुली, निम्मी तरी ओळखीबाहेरची. मैत्रिणी ‘मस्त आहे’ म्हणतात, मराठीचे सर शुद्धलेखन तपासतात. दोन्हीचा उपयोग आहे, पण तो नंतर. या बाराजणांना ‘कशी वाटली?’ असं विचारायचंच नाही. प्रत्येकाच्या हातात प्रिंट आणि पेन्सिल द्यायची आणि एवढंच सांगायचं की वाचता वाचता जिथं मोबाईल हातात घ्यावासा वाटला, तिथं टिंब दे. पाच-सहा जणांची टिंबं एकाच पानावर आली की ते पान पुन्हा लिहायचं. वाद घालायचा नाही.

कुमारांसाठी लिहिणं म्हणजे सोपं लिहिणं, असा समज आपल्याकडं घट्ट बसलाय आणि त्यानं फार नुकसान केलंय. पंधरा वर्षांच्या पोरीला पूर कळतो, घरातलं कर्ज कळतं, आई-वडलांचं भांडणही कळतं. तिला नको असतो तो शेवटी येऊन शहाणपण शिकवणारा मोठा माणूस. आठव्या पानावर एक काका येतात आणि पर्यावरणावर दीड पान बोलतात. त्यांना काढायला सांगा.

वाचायला बसवायची जागा म्हणून नगर वाचनालयात विचारून बघा. त्याच पुरात तिथली हजारो पुस्तकं भिजून लगदा झाली होती. या कादंबरीची पानं तिथं वाचली जावीत, असं मला मनापासून वाटतं. संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनालाही तिला घेऊन जा. पळूसपर्यंतचा तर प्रवास, आणि लिहिणारी माणसं जवळून भेटतात.

दुसरा खर्डा झाला की प्रकाशकांकडं. कुमार वाङ्मय काढणारे तीन-चार निवडा. एक पानाचं पत्र, एक पानात कथानक, पहिली तीन प्रकरणं. उत्तराला काही महिने लागतात, त्यावरून निराश व्हायचं नाही. दरम्यान एखादं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून ‘किशोर’ला पाठवता येईल. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय. दिवाळी अंकांसाठी मात्र पावसाळ्याच्या तोंडालाच पाठवावं लागतं.

कुणी होकार दिला तर लेखी करार झालाच पाहिजे. आवृत्तीच्या प्रती किती, मानधन छापील किमतीच्या किती टक्के, मुदत किती वर्षं, हे आकड्यात हवं. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. ‘सर्व हक्क कायमचे’ असं वाक्य दिसलं तर सही करू नका. भाषांतर, ऑडिओ आणि चित्रपटाचे हक्क तिच्याकडंच राहू द्या. आणि अठराच्या आतल्या व्यक्तीनं केलेला करार कायद्यानं टिकत नाही, तेव्हा पालक म्हणून सही तुमची, लेखिका म्हणून नाव तिचं.

पोटाचं विचारलंत. २०० रुपयांच्या पुस्तकाच्या हजार प्रती संपल्या आणि दहा टक्के मानधन मिळालं, तर हातात २० हजार येतात, तेही दोन-तीन वर्षांत. मराठीत नुसत्या कादंबऱ्यांवर घर चालवणारी माणसं फार थोडी. पण भाषेवर घर चालवणारी पुष्कळ आहेत. भाषांतर, संपादन, वृत्तपत्र, मालिकांचं लेखन, शिकवणं, ही सगळी कामं लिहिता येणाऱ्या माणसाला मिळतात.

सायन्स कादंबरीसाठी सोडू नये. दिवसाला दोन पानं लिहायला कुठलीच शाखा आड येत नाही, आणि बारावीनंतर सायन्सवरून बीएला जाता येतंच. पण एकदा शांतपणे विचारा, फिजिक्स तिला आवडतं की ते तुमच्यासाठी चाललंय? आवडत नसेल तर शाखा जरूर बदला, त्याचं कारण मात्र कादंबरी असू नये. हा प्रश्न रागाच्या भरात नको. दुकान बंद करून घरी आल्यावर, जेवणं झाली की विचारा.

आणि माझाही एक प्रश्न तिला विचारा. आजी अकराव्या पायरीपर्यंत मोजते आणि तिथं झेरॉक्स संपते. पाणी उतरायला लागल्यावर ती उलट्या मोजते का, आणि खडूच्या रेघा पुसते की तशाच ठेवते? पुढची पानं पाठवा.