जुन्या पिकअपची फ्यूल लाइन कुठून न्यायची?

प्रश्न: ह्यूस्टनला असतो, १९६९ची शेव्हरोले सी-१० घेतलीय. सीटमागची पेट्रोल टाकी काढून मागे बेडखाली (सामानाच्या हौद्याखाली) बसवली, फ्यूल इंजेक्शनपण टाकतोय. आता लाइन कुठून नेऊ?

उत्तर: टाकी केबिनमधून काढलीत ते एकदम बेस्ट केलंत, पाठीशी पेट्रोल घेऊन कशाला फिरायचं! आता आधी सायलेन्सरचा पाइप कुठून जातो ते बघा आणि लाइन त्याच्या विरुद्ध बाजूच्या चॅसी रेलला (गाडीखालच्या लांब लोखंडी तुळईला) आतून न्या, रेलच्या खाली लोंबती नको, नाहीतर पहिल्याच दगडाला चेपेल. दर फूट-दीड फुटावर रबर लावलेली क्लॅम्प मारा, आणि चॅसीच्या भोकातून लाइन जाते तिथे ग्रोमेट (भोकाच्या काठावर बसणारी रबरी रिंग) हवाच, पत्र्याची धार हळूहळू पाइप कापते आणि कळतही नाही. तांब्याचा पाइप नको, हादऱ्यांनी तडकतो, स्टील किंवा निकेल-कॉपर मिश्रधातूचा घ्या. कार्बोरेटरला ५-७ पीएसआय दाब पुरायचा, इंजेक्शनला साधारण ५८ लागतो, म्हणून जुना होज (रबरी पाइप) बिलकुल चालणार नाही, ३०आर९ (इंजेक्शनच्या जास्त दाबाच्या होजचं मानक) छापलेलाच घ्या. चॅसी ते इंजिन एवढाच तुकडा लवचीक ठेवा, कारण इंजिन हलतं. मग पंप चालू करून प्रत्येक जोड कोरड्या टिश्यूने पुसून बघा, इंजिन थंड असतानाच.