राऊटरवर पोर्ट उघडून पीएलसीचा डेटा रत्नागिरीहून पुण्याला नेला तर चालेल का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: मिरजोळे एमआयडीसीत मासळी गोठवण्याचं युनिट, सहा कोल्ड रूम. त्यांचं तापमान पीएलसीतून (यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक) पुण्याच्या सर्व्हरवर जमा व्हायला हवं. इंटिग्रेटर, म्हणजे ही सगळी यंत्रणा जोडून देणारा, म्हणतोय, राऊटरवर ५०२ पोर्ट (नेटवरून आत यायचं क्रमांकाचं दार) उघडतो, पुण्याहून थेट वाचा.

नका करू. ५०२ म्हणजे मॉडबस, यंत्रांनी एकमेकांशी बोलायचा प्रोटोकॉल. तो १९७९ सालचा, एकाच कारखान्यातल्या यंत्रांनी आपसात बोलावं म्हणून केलेला. त्यात पासवर्ड नाही की एन्क्रिप्शन नाही. जो त्या पोर्टपर्यंत पोचला तो वाचू शकतो, आणि बहुतेक वेळा लिहूही शकतो. उणे १८ अंशांचा सेट पॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) कुणी अधिक ८ केला तर कंटेनरभर कोळंबीचं काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको.

दार आतून बाहेर उघडणारंच ठेवा. पीएलसीजवळ दोन नेटवर्क पोर्टांचा (इथे पोर्ट म्हणजे केबल खोचायची जागा) छोटा गेटवे, म्हणजे मधला संगणक, बसवा. एक पोर्ट पीएलसीकडे, दुसरा राऊटरकडे, आणि दोन्हींच्या मधलं राउटिंग बंद, म्हणजे एकीकडून थेट दुसरीकडे जाता येत नाही. गेटवे दर १० सेकंदांनी तापमान वाचेल आणि टीएलएसवरून (एन्क्रिप्ट केलेली जोडणी) एमक्यूटीटीने (छोटे संदेश पाठवायचा प्रोटोकॉल), सर्व्हरच्या ८८८३ पोर्टवर, स्वतःहून पुण्याला पाठवेल. (एमक्यूटीटी १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत नजर ठेवायला जन्मला. महागडी, मधूनच तुटणारी लाईन हेच त्याचं माहेर, म्हणून आपल्याकडे जमतो.) कारखान्याच्या बाजूला एकही पोर्ट उघडायला नको. प्रत्येक गेटवेला वेगळं सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, द्या. एखादा चोरीला गेला तर तेवढंच रद्द करता येतं. सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड देणारे महाभाग मी पाहिलेत.

इथवरचं काम दोन दिवसांचं. खरी परीक्षा जूनमध्ये, लाईट आणि नेट एकदमच जातात तेव्हा. त्यामुळे वाचलेला आकडा आधी गेटवेच्या डिस्कवर, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसात लिहायचा, मग पाठवायचा. सहा रूम, दर १० सेकंदांनी एक नोंद म्हणजे दिवसाला ५१,८४०. नोंदीला ५० बाइट धरले तरी महिन्याचे ८० एमबी भरत नाहीत, म्हणजे जागेची सबब नाही. प्रत्येक नोंदीला गेटवेचा नंबर आणि चढता अनुक्रमांक द्या, कारण क्यूओएस १ वर (पोच येईपर्यंत पुन्हा पाठवायची एमक्यूटीटीची पद्धत) तोच आकडा दोनदाही येतो. सर्व्हरला दुसरा टाकून देता आला पाहिजे. आणि एक खाचखळगा: पोच मिळते ती ब्रोकरला (संदेश घेऊन पुढे देणारा प्रोग्रॅम) मिळाल्याची, डेटाबेसात उतरल्याची नव्हे. पोच आली म्हणून लगेच पुसू नका, महिनाभर राहू द्या. लाईन आली की ताजे आकडे आधी जाऊ देत, तुंबलेले मागून हळूहळू. नाहीतर आत्ताचा अलार्म परवाच्या आकड्यांमागे रांगेत उभा.

आता माझी फजिती. एका बर्फ कारखान्यात दोन दिवस लाईट नव्हती. आली, गेटवे चालू झाला, पण पुण्याला काही पोचेना. आठवड्याने जाऊन लॉग उघडला तर तारीख १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाचच्या पुढे. घड्याळाचा बटणसेल मेलेला. गेटवेच्या हिशेबी १९७० सालात सर्व्हरचं सर्टिफिकेट ‘अजून लागू झालेलं नाही’, म्हणून तो जोडायलाच तयार नाही. इंटरनेटवरून वेळ घ्यावी तर सुरक्षेच्या उत्साहात मीच फायरवॉलमध्ये एनटीपी (नेटवरून घड्याळ लावायचा प्रोटोकॉल) अडवून ठेवलेला. नोंदी डिस्कवर होत्या, अनुक्रमांकामुळे क्रम लागला. तेव्हापासून दर मे महिन्यात सेल बदलतो. त्याच फेरीत केबलच्या पिनाही बघतो; खाऱ्या हवेने त्यांच्यावर हिरवट गंज चढतो आणि आपण बिचाऱ्या सिम कंपनीला शिव्या घालत बसतो. पॅनेल आयपी ६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न येऊ देणारं) घ्या, केबल खालूनच आत न्या.

पुण्याच्या बाजूला थोडंच: गेटवेच्या खात्याला फक्त स्वतःच्या टॉपिकवर (ब्रोकरमधला संदेशांचा कप्पा) लिहिण्याची मुभा, वाचायची-पुसायची नाही.

बिल देण्याआधी इंटिग्रेटरसमोर राऊटरचं सिम काढा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत घाला, तासभर चहापाणी करा आणि पुण्याच्या टेबलात त्या २४ तासांच्या ओळी मोजा. ५१,८४० भरल्या तर चेक फाडा.