ब्रिटनमधील फिरती जत्रा आणि मनोरंजन उद्यान यांत नेमका फरक काय? एकच पाहायचे तर काय पाहावे?

नॉटिंगहॅममध्ये राहत असल्याने माझे मत जत्रेकडे झुकणारे आहे, हे आधीच सांगतो.

ब्लॅकपूलचे ‘प्लेझर बीच’ हे मनोरंजन उद्यान 1896 पासून एकाच जागी उभे आहे. तिथली जमीन, पाळणे आणि तिकीटविक्री एकाच कंपनीची. नॉटिंगहॅमच्या ‘गूज फेअर’ या फिरत्या जत्रेचे तसे नाही. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला भरणाऱ्या, 1928 पर्यंत शहराच्या मुख्य चौकात आणि त्यानंतर ‘फॉरेस्ट’ मैदानावर भरत आलेल्या या जत्रेतील एकेक पाळणा वेगवेगळ्या कुटुंबाच्या मालकीचा असतो, आणि कोणी कुठे उभे राहायचे हे बऱ्याच अंशी जुन्या वहिवाटीवर ठरते. एकाच जागी वर्षानुवर्षे पाळणा लावणाऱ्याचा त्या जागेवर हक्क निर्माण होतो आणि तो पुढच्या पिढीकडे जातो. आपल्याकडच्या यात्रांतील मानकऱ्यांची परंपरा ठाऊक असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

हा हक्क जपणारी ‘शोमेन्स गिल्ड’ ही जत्रेतील पाळणेवाल्यांची संघटना 1889 मध्ये स्थापन झाली, तीही संकटातून: गाड्यांमधील फिरत्या घरांवर सरकारी तपासणी लादू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध ही मंडळी तेव्हा एकत्र आली होती. आजही अनेक कुटुंबे हंगामभर गावोगाव फिरतात आणि हिवाळ्यात आपल्या तळावर परतून यंत्रांची दुरुस्ती व रंगरंगोटी करतात. या लोकांना उपरे समजणारे शेजारी मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण जत्रा टिकली आहे ती त्यांच्याच कष्टांवर.

एकच गोष्ट पाहायची असेल, तर ‘गॅलपर्स’ पाहा: वर-खाली होत गोल फिरणारे रंगीत घोडे. किंग्ज लिन या गावच्या फ्रेडरिक सॅव्हेज यांच्या कारखान्याने एकोणिसाव्या शतकात वाफेच्या इंजिनावर चालणारी अशी चक्रे घडवली आणि जत्रेचे रूपच पालटले. ब्रिटिश चक्र घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, त्यामुळे घोड्याची डावी बाजू बाहेर राहते आणि खऱ्या घोड्यावर चढतात तसेच डावीकडून चढता येते. अमेरिकेतील चक्रे उलट दिशेने फिरतात.

शक्यतो दिवे लागल्यावर जा, आणि पुदिन्याची चटणी घातलेले गरम मऊ वाटाणे खाल्ल्याशिवाय परतू नका.