बडोद्यात साइटवरच्या मजुरांच्या मुलांसाठी काय करता येईल?

तुमच्या सोसायटीशेजारी बांधकाम चालू आहे, मजुरांची पोरं दिवसभर वाळूत खेळतात. मुलाच्या वाढदिवसाला त्यांना दप्तरं वाटावीत की एखाद्या संस्थेला पैसे द्यावेत, असं तुम्ही विचारलंय.

दप्तरं नकोत. मी वाटली आहेत. महिन्याभराने त्यातल्या एकात मक्याचं पीठ भरलेलं दिसलं, आणि त्या घराला गरज खरंच पिठाच्या पिशवीचीच होती.

वासणा रोडकडच्या एका साइटवर आम्ही तिघी मैत्रिणी चार हिवाळे संध्याकाळी शिकवायला जायचो. कुटुंबं बहुतेक छोटा उदेपूर-दाहोदकडची, काही अलिराजपूरची. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी रोज ताडपत्रीपाशी उभी राहायची, कडेवर भाऊ. तो रडला की ही निघून जायची. हिला गोडी नाही, असं आम्हीच ठरवून टाकलं. मग एकदा मैत्रिणीने जुन्या लुगड्याची झोळी बांधली आणि तान्ह्यांना झोके देत बसली. त्या दिवशी ती मुलगी पाटी घेऊन बसली, मागोमाग आणखी दोघी. आमचा सगळा वर्ग त्या झोळीने चालला, शिकवण्याने नव्हे.

दिल्लीत मोबाइल क्रेशेस या संस्थेने १९६९ मध्ये साइटवर पाळणाघरं काढली, ती याच अडचणीतून. १९९६ च्या बांधकाम मजूर कायद्यातही पाळणाघराची तरतूद होती, पण पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तिथेच. तुमच्या शेजारच्या साइटवर तेवढ्या कुठून असणार? म्हणून पैसे देणार असाल तर संस्थेला एवढंच विचारा: लहानग्यांना कोण सांभाळतं?

शिकवायलाच जाणार असाल तर वयावरून गट पाडू नका. अकरा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख नसते आणि सात वर्षांची एखादी घडाघडा वाचते. किती वाचता येतं त्यावरून बसवा. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेची पद्धत हीच. भाषेची गंमत वेगळी. पुस्तक गुजराती, पोरं आपसात राठवी ही आदिवासी बोली बोलणार आणि माझी गुजराती दांडिया बाजारच्या मराठी वस्तीतली, निम्मी मराठी! त्यांच्याकडून दहा-वीस शब्द आधी शिकून घ्या.

शाळेत नाव घालणं हे सगळ्यात किचकट. आम्ही एका सरकारी शाळेत गेलो तर दाखला आणा, जन्माचा पुरावा आणा, म्हणून परत पाठवलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात स्पष्ट आहे की वयाचा पुरावा नाही किंवा जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाला साजेशा वर्गात बसवून वेगळी शिकवणीही द्यायची असते. कलम ४, ५ आणि १४ छापून घेऊन परत गेलो, तेव्हा काम झालं. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर शिक्षण सक्तीचं केलं होतं, मूल शाळेत नाही घातलं तर आईबापाला दंड व्हायचा. त्याच गावात आता पोराला घेऊन आपणच शाळेच्या पायऱ्या झिजवायच्या.

पहिल्या रविवारी नुसतं मुकादमाला भेटा. कुटुंबं कुठल्या गावची, गावातल्या शाळेत मुलांची नावं आहेत का, परत कधी जाणार, एवढं वहीत उतरवा. गावच्या शाळेतली नावं कटू देऊ नका.

आणि वाढदिवस मार्चमधला असेल तर आधी होळीची तारीख बघा. होळीला ही मंडळी गावी जातात, साइटवर चिटपाखरू नसतं.