एम.एस्सी. केमिस्ट्रीनंतर बायोमेडिकल कोटिंगमध्ये करिअर कसं आहे? सरफेस सायंटिस्ट दिवसभर नेमकं करतो काय?

तुम्ही भौतिक रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय, आणि स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी), कॅथेटर (शरीरात घालायची बारीक नळी), इम्प्लांट यांच्या कोटिंगच्या कामात पडावं का, असं विचारताय. मी पुण्यात पीएच.डी. केली, काही वर्षं बाहेर पोस्टडॉक केलं आणि आता गुजरातेत एका कंपनीत हेच काम करतो. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

बाहेरून वाटतं की कोटिंगवाला नवनवे रेणू शोधत बसतो. प्रत्यक्षात रेणू बहुतेकदा जुनाच असतो. रक्तवाहिनीत सरकवायच्या कॅथेटरला ओलं झाल्यावर बुळबुळीतपणा देणारा थर अनेकदा पीव्हीपीचा, म्हणजे पॉलिव्हिनिल पायरोलिडोनचा असतो. दुसऱ्या महायुद्धात हेच पॉलिमर जखमींना रक्तद्रवाऐवजी देत. खरी डोकेदुखी असते ती त्याला नळीवर टिकवून धरण्याची. ओलसर भिंतीवर कितीही महागाचा रंग मारा, पोपडे धरणारच. फरक इतकाच की आमचे पोपडे माणसाच्या रक्तवाहिनीत पडतात. २०१५ साली अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने) नेमक्या याच विषयावर डॉक्टरांसाठी सावधगिरीची सूचना काढली होती.

त्यामुळे दिवसाचा बराच भाग ओढून बघण्यात जातो. कोमट पाण्यात बुडवलेली कोटेड नळी दोन पॅडमध्ये चिमटीत धरायची, मशीनने पुन्हापुन्हा ओढायची आणि घर्षण कितव्या फेरीपासून वाढायला लागतं ते आलेखावर पाहायचं. मग त्या पाण्यात किती कण सुटले ते मोजायचे. काम कंटाळवाणं आहे, लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

मजा येते ती बिघाड शोधताना. एक्सपीएस (एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी) तुम्ही पुस्तकात शिकला असाल: क्ष-किरण टाकून पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायचे आणि त्यांच्या ऊर्जेवरून कोणतं मूलद्रव्य कशाला बांधलेलं आहे ते ओळखायचं. खोलवरचे इलेक्ट्रॉन बाहेर पोचेपर्यंत ऊर्जा गमावतात, म्हणून हे तंत्र वरचे जेमतेम १० नॅनोमीटर बघतं. काई सीगबान यांना याच कामासाठी १९८१ चं नोबेल मिळालं. आमच्याकडे एकदा एका लॉटचं कोटिंग सुटायला लागलं. फॉर्म्युला तोच, मशीन तेच, माणसंही तीच. कोटिंगआधीच्या कोऱ्या नळ्या एक्सपीएसमध्ये ठेवल्या तर १०२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास सिलिकॉनचं शिखर उभं. आमच्या कुठल्याच कच्च्या मालात सिलिकॉन नव्हतं! नळ्या पुरवणाऱ्याने न सांगता लाइनवरचं वंगण बदललं होतं आणि सिलिकॉन तेलाचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा सगळ्या लॉटवर पसरला होता. या धंद्यात आलात तर हे तेल तुम्हाला आयुष्यभर भेटत राहील: हातमोज्यांवर, प्लास्टिकच्या पिशव्यांत, कुणाच्या तरी हँडक्रीममध्ये.

आता विज्ञानाची बाजू. कोटिंग शरीरात गेलं की रक्त त्याला शिवताक्षणी प्रथिनं चिकटू लागतात. म्हणजे पेशींना तुमचं कोटिंग दिसतच नाही, त्यांना दिसतो त्यावर बसलेला प्रथिनांचा थर. तोही स्थिर नसतो. रक्त गोठवायला लागणारं फायब्रिनोजेन हे प्रथिन आधी येऊन बसतं आणि थोड्याच वेळात दुसरी प्रथिनं त्याला हटवून जागा घेतात. याला व्रोमन परिणाम म्हणतात. लिओ व्रोमन हे मूळचे हॉलंडचे, रक्तावर संशोधन करणारे आणि डच भाषेतले नावाजलेले कवीही. त्यांचं काम वाचल्यापासून ‘आमच्या पृष्ठभागाला काहीच चिकटत नाही’ असा दावा करणारा पेपर समोर आला की मी आधी प्रयोगाची पद्धत बघतो. बहुतेकदा एकच प्रथिन, बफरमध्ये (साध्या क्षारांच्या द्रावणात), तासभर ठेवलेलं असतं. रुग्णाच्या अंगात मात्र पूर्ण रक्त असतं, आणि तेही महिनोन्‌महिने. पीएच.डी.चा विषय निवडताना ही दरी ध्यानात ठेवा.

कल्पना कुठून येईल याचाही नेम नसतो. हृदयाच्या कृत्रिम झडपांवरचं पायरोलिटिक कार्बन (तापवलेल्या वायूतून चढवलेला कार्बनचा थर) आलं ते अणुइंधनातून. जॅक बोक्रोस १९६० च्या दशकात जनरल अ‍ॅटॉमिकमध्ये इंधनाच्या कणांवर कार्बनचा थर चढवत होते. रक्ताला कार्बन बऱ्यापैकी सोसतो, हे व्हिन्सेंट गॉट या सर्जनचं निरीक्षण त्यांच्या वाचनात आलं आणि त्या दशकाच्या अखेरीस तो थर माणसाच्या हृदयात पोचला. आजच्या बहुतेक यांत्रिक झडपांत तोच असतो.

स्टेंटची गोष्ट जरा कडू आहे. २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या सायफर स्टेंटवर खाली पॅरिलिन नावाच्या पॉलिमरचा थर आणि वर औषध धरून ठेवणारं न विरघळणारं पॉलिमर होतं. औषध काही आठवड्यांत संपायचं, पॉलिमर कायमचं राहायचं. २००६ च्या सुमारास उशिरा होणाऱ्या गुठळ्यांची भीती पसरली तेव्हा बोट या उरलेल्या पॉलिमरकडेही दाखवलं गेलं. त्यानंतर विरघळणारी पॉलिमर आणि पातळ थर यांच्याकडे ओढा वाढला. भारतात फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. रुग्णांच्या दृष्टीने ते योग्यच झालं. आमच्या दृष्टीने अर्थ असा की नवा थर नुसता चांगला असून भागत नाही, तो स्वस्तातही चढवता यायला हवा.

जाता जाता: ‘गोल्डन नी’, म्हणजे सोनेरी कृत्रिम गुडघ्याच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. त्यात सोनं नसतं. सोनेरी रंग टायटॅनियम नायट्राइडसारख्या काही मायक्रॉनच्या सिरॅमिक थराचा असतो. निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी त्यामागचा विचार समजू शकतो. सरसकट सगळ्यांचाच गुडघा त्याने जास्त वर्षं टिकतो, याचा ठाम पुरावा माझ्या वाचनात नाही.

संधी विचाराल तर मेडिकल उपकरणांच्या कंपन्या सुरत-वापीच्या पट्ट्यात बऱ्याच आहेत. संशोधनासाठी पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आयआयटी मुंबई आणि तिरुअनंतपुरमची श्री चित्रा संस्था. टीटीके चित्रा ही हृदयाची कृत्रिम झडप तिथलीच, पहिली १९९० मध्ये बसवली गेली. नुसत्या एम.एस्सी.वर सुरुवात बहुधा क्वालिटी किंवा प्रोसेसमध्ये होईल. ते कमीपणाचं मानू नका. इथिलिन ऑक्साइड वायूने किंवा २५ किलोग्रे मात्रेच्या गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्यावर थराचं काय होतं, ५५ अंशांना ठेवून माल किती काळ टिकेल याचा अंदाज कसा काढतात, आयएसओ १०९९३ या जैवसुसंगततेच्या मानकात काय मागतात, हे तिथेच कळतं. आर्‍हेनियसचं तापमान आणि अभिक्रियेचा वेग जोडणारं समीकरण परीक्षेनंतर पहिल्यांदा कामाला येतं ते तिथेच. सोबत संख्याशास्त्र शिका, आमच्याकडे त्याचीच वानवा आहे.

मुलाखत घेताना मी हमखास विचारतो: प्लाझ्मा ट्रीटमेंट केलेल्या (विद्युतभारित वायूने पृष्ठभाग बदललेल्या) पॉलिमरवर पाण्याच्या थेंबाचा स्पर्शकोन (थेंबाच्या कडेचा पृष्ठभागाशी होणारा कोन) ४० अंश आला, काय सांगाल? ‘पृष्ठभाग जलस्नेही आहे’ असं बरेच जण सांगतात. ट्रीटमेंट करून किती वेळ झाला होता, पृष्ठभाग किती खडबडीत होता (दोन्हींनी हा कोन बदलतो), हे उलट विचारणाऱ्याला मी घेतो, मग त्याचे मार्क कितीही असोत.